शेऱ्याचा रकाना

परग्रहावरून कुणी पृथ्वीवर आलंच, तर ते उतरणार कुठं, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. देवगाव फाट्यावर.

"दिल्ली-मुंबईला कामून उतरतील?" ते मलाच उलटं विचारायचे. "वाट चुकलेला मानूस गावात जाऊन इचारतो का? फाट्यावर इचारतो. वाटा जितं फुटतात, तितं सांगनारा कुनीतरी बसलेला असतो."

तो बसलेला कुणीतरी म्हणजे ते स्वतः. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फाट्यावरच्या एका लहानशा खोलीत बसून आल्या-गेल्या गाड्यांची नोंद करण्यात त्यांची बरीचशी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर सोनपेठला आपल्या घरी आले आणि विज्ञानकथा लिहायला लागले. लिहायचे स्वतः, छापून घ्यायचे स्वतः, बाजारात बसून विकायचेही स्वतः. मधल्या टायपिंगपुरती मी.

परभणीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि कृषी विद्यापीठातल्या पोरापोरींचे प्रबंध, हे माझं वाङ्मय. तुरीच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीवर माझ्याइतकं टाइप केलेली बाई अख्ख्या मराठवाड्यात दुसरी नसेल. अशा या दुकानात एक दिवस प्लास्टिकच्या वायरची पिशवी घेऊन काका आले आणि म्हणाले, "जयभीम ताई. मंगळ टाइप करून मिळंल का?"

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या माणसाच्या सगळ्यांत चांगल्या पुस्तकाचं शेवटचं पान मी कापलं. चुकून नाही, जाणूनबुजून. त्या पानावर एक गाडी परत येत होती. मी पान कापलं आणि ती यायची राहिली. पुढं जे काही सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, तेव्हा ती अगोदर कबूल केलेली बरी.

त्यांचं हस्तलिखित म्हणजे एक प्रकरणच होतं. रजिस्टरची लांबलचक पानं, एकाच बाजूला लिहिलेली, आणि प्रत्येक पानावर पट्टीनं आखलेले रकाने. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, मधे एक ऐसपैस रकाना आणि अगदी कडेला शेरा. नोकरी सुटली तरी रकाने सुटले नव्हते. मधल्या रकान्यात गोष्ट चालायची आणि शेऱ्यात त्या गोष्टीतल्या माणसांच्या मनातलं यायचं. मंगळावरच्या वस्तीतला एक इंजिनियर आईला रेडिओवरून सांगतो, "मी इथं मजेत आहे." कडेला शेरा: जेवण जात नाही. यानाच्या खिडकीशी बसलेली बाई म्हणते, "पृथ्वी काही दिसत नाही बाई इथून." शेरा: डोळे मिटलेले.

"काका, पुस्तकात रकाने नसतात," मी पहिल्याच दिवशी म्हणाले. "हे शेरे मी कुठं घालू?"

"चौकट करा."

"शेरा काढूनच टाकला तर? गोष्ट तर समजायलीय की."

काकांनी चष्मा काढला. "ताई, गाडी आली, गाडी गेली, हे कुनी बी लिवील. ती कशी आली ते शेऱ्यात कळतं."

मग मी प्रत्येक पानाच्या कडेला एक बारकी चौकट करून दिली. अशी पुस्तकं आमच्या भागात कुणी काढली नसतील. पहिल्यांदा वैताग आला, मग सवय झाली, आणि पुढं पुढं तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्याही कडेला मला चौकट दिसायला लागली. "पत्रिका अगदी साधी करा हो," असं कुणी म्हणालं की शेऱ्यात काय लिहावं लागेल ते मी मनातल्या मनात टाइप करायचे.

सोनपेठहून सकाळच्या गाडीनं यायचे. मी टाइप करत असताना समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसायचे आणि त्याच ताठ मानेनं झोपी जायचे. जाग आली की पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, कोनतं साल हाय?"

पहिल्यांदा मी हसले. पण ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत असायचे, आणि मी साल सांगितलं की जरा हिरमुसायचे. "म्हंजी काईच गेलं न्हाई," असं पुटपुटून चहा मागवायचे. दुकानातली गिऱ्हाइकं तोंडाला रुमाल लावून हसायची. मला मात्र काही दिवसांनी त्यांचा हेवा वाटायला लागला. आपण डुलकी काढतो ती अर्ध्या तासाची. हे गृहस्थ कुठंतरी लांब जाऊन यायचे.

स्वप्नाळू माणूस म्हणावा, तर विज्ञानाच्या बाबतीत कमालीचे कर्मठ. त्यांचा एक कायदा होता. "इज्ञानकथेत खोटं एकदाच बोलायचं. एकच. बाकी समदं खरं पायजे. दुसरं खोटं बोललं की ती निस्ती थाप." एका कथेत त्यांनी अवकाशात गेलेल्या एसटीच्या टपावर एका बाईला कुरडया वाळत घालायला लावल्या होत्या. मी हातातलं काम टाकून हसले. म्हटलं, "काका, वर हवा नाही, वारा नाही. कुरडया वाळतील कशा?"

"हवा न्हाई म्हनूनच वाळतील. हवेचा दाब नसला की पानी टिकतच न्हाई. घटकेत वाळतील. इचारा इद्यापीठात."

त्या वेळी ज्वारीवर प्रबंध करणारी एक मुलगी आपल्या कामाची वाट बघत दुकानात बसलेली होती. मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "मॅडम, बरोबर आहे त्यांचं. तशा पद्धतीनं वाळवायचं यंत्रच असतं." काकांनी काही विजयी मुद्रा वगैरे केली नाही. "बाईच्या सात डबे भरून कुरडया हुत्या," एवढंच म्हणाले आणि परत झोपले.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण तिच्याशीच पुढं माझी गाठ पडली. ते कुठलंही पुस्तक शेवटाकडून वाचायला घ्यायचे. दुकानात पडलेला दिवाळी अंक असो की अळीचा प्रबंध, आधी शेवटचं पान. सिनेमाचंही तेच. अगोदर शेवटची दहा मिनिटं, मग पहिल्यापासून. "गाडी सुखरूप आली का ते आधी बगून घ्यावं," ते म्हणायचे. "मंग परवास निवांत वाचता येतो." बावीस-पंचवीस वर्षं गाड्यांची वाट बघितलेल्या माणसाला मधली धाकधूक नको झाली असेल, असं मी समजून घेतलं.

ज्या पुस्तकाबद्दल मी बोलते आहे त्याचं नाव 'फाटा ते फाटा'. वैशाखातली दुपार. देवगाव फाट्यावरून जालन्याकडची गाडी निघते. समोर डांबरावर मृगजळ चमकत असतं. रोज गाडी जवळ गेली की ते पुढं सरकतं, त्या दिवशी सरकत नाही. गाडी सरळ मृगजळावर चढते आणि तिची चाकं रस्त्याला लागेनाशी होतात. पुस्तकातलं एकुलतं एक खोटं ते हे. आत एक्केचाळीस माणसं. आपण वर आलो आहोत हे त्यांना कळतं ते धक्के बंद झाल्यामुळं. खाली गोदावरी दिसते, अंगणात कुणी विसरलेल्या दोरीसारखी. कंडक्टर तिकीट कुठपर्यंतचं फाडायचं या काळजीत पडतो. माणसं भाकरीची फडकी सोडतात, एकमेकांना ठेचा देतात, डुलक्या काढतात. अफाट वेगात काळ हळू चालतो हे विज्ञानातलं खरं, म्हणून गाडीत ती एकच दुपार असते. खाली फाट्यावर मात्र चाळीस वर्षं जातात. नियंत्रकानं 'येण्याची वेळ' हा रकाना कोरा ठेवलेला असतो. तो निवृत्त होतो, तरी रोज फाट्यावर येऊन बसतो, कारण रकाना भरल्याशिवाय पान उलटायचं नाही हा त्याचा नियम.

टाइप करणारा माणूस वाचत नसतो. डोळे अक्षरं उचलतात आणि बोटांच्या हवाली करतात, मधे डोक्यात काही थांबत नाही. हे पुस्तक टाइप करताना मात्र मी कितीदा तरी थांबले. भर उन्हाळ्यात, समोर तीन लग्नपत्रिकांची घाई असताना, कीबोर्डवर हात ठेवून मी खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं बघत बसायचे. रस्ता ऊन पिऊन चमकत असायचा. एखादी गाडी त्यावरून वर चढली असती तर मला नवल वाटलं नसतं.

आणि तरी मी ते पान कापलं.

झालं असं. पुस्तक छापताना सोळा सोळा पानांचे फर्मे असतात. 'फाटा ते फाटा' भरलं सत्त्याण्णव पानं. सहा फर्म्यांत शहाण्णव बसतात. प्रेसवाल्याचा फोन आला, "मॅडम, एक पान जास्त व्हायलंय. मशीन रिकामं हाय तवर सांगा, पुन्हा लगनसराईत मला वेळ न्हाई." काकांना फोन लावला, तो बंद. गाडीत बसले की ते फोन बंद करून ठेवायचे, गाडी चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं म्हणे. मी शेवटचं पान पडद्यावर काढलं. ते मी आदल्या दिवशी नुसत्या बोटांनी टाइप केलं होतं, घाईघाईत. आताही धड वाचलं नाही. गाडी येते, दार उघडतं, सतरा नंबरच्या सीटवरून कुणीतरी उठतं, एवढं नजरेखालून गेलं. आणि माझ्यातली शहाणी जागी झाली.

आधीच्या पानाचं शेवटचं वाक्य होतं: म्हातारा नियंत्रक खोलीबाहेर आला आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, अहाहा, शेवट असावा तर असा. गाडी परत आणायची काय गरज? इतकी वर्षं लोकांचं लिखाण टाइप करून मलाही थोडं कळतं, असा एक माज आलेला होता. अक्षर अर्ध्या पॉइंटानं बारीक केलं असतं तर ते पान आरामात बसलं असतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी पान डिलीट केलं, फाइल तशीच सेव्ह केली आणि प्रेसला पाठवून दिली. कापलेल्या पानाचं हस्तलिखित बाजूला ठेवलं. बाजूला ठेवलेला कागद आमच्या दुकानात रफच्या गठ्ठ्यात जातो. त्याच्या कोऱ्या बाजूवर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ निघालं आणि ते कुठल्या तरी गावाला गेलं.

पाचशे प्रतींचे गठ्ठे आले तेव्हा काका खुर्चीत बसूनच होते. सुतळी त्यांनी स्वतः सोडली. एक प्रत उचलली, नाकाशी धरली आणि सवयीप्रमाणं शेवटचं पान उघडलं.

बराच वेळ ते त्या पानाकडं बघत होते. मग त्यांनी पान उलटलं, मागचं कव्हर बघितलं, परत पान उलटलं.

"ताई," ते म्हणाले, "गाडी आली न्हाई."

मी फर्म्याचं गणित सांगितलं. मशीन, लगनसराई, बंद फोन, सगळं सांगितलं. अर्ध्या पॉइंटाचं तेवढं सांगितलं नाही. त्यांनी हस्तलिखित मागितलं, तर ते पान नव्हतं. त्यांनी दुसरी प्रत कधी केलेली नसायचीच. मग मागच्या कव्हराची आतली बाजू त्यांनी हातानं चाचपली. ती कोरी होती. "हाय की जागा," असं म्हणून त्यांनी खिशातला पेन काढला, टोपण काढलं आणि पेन कागदावर टेकवून बसून राहिले. एक अक्षर उमटलं नाही. शेवटी त्यांनी टोपण लावलं.

"न्हाई जमायचं. यकदा आलेली गाडी पुन्ना आनता येत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्वारीवाली मुलगी तिथंच होती, प्रबंधाची शेवटची दुरुस्ती घेऊन आलेली. वातावरण हलकं करावं म्हणून की काय, ती म्हणाली, "काका, पहिली प्रत मला द्या." काकांनी प्रत पुढं केली, आणि मग हात मागं घेतला. तिच्याकडं नीट बघून विचारलं, "तुमचं कोन यायचं राहिलंय?"

ती गोंधळली. मग म्हणाली, "आजी. मी परीक्षेला बसले होते तेव्हा गेली. मला नंतर सांगितलं."

"नेसायची काय?"

"हिरवं लुगडं. आणि कमरेला तंबाखूची पिशवी."

काकांनी पेन उघडला. या वेळी तो चालला. कव्हराच्या आतल्या बाजूवर त्यांनी आठ-दहा ओळी लिहिल्या. गाडी फाट्यावर येते, दार उघडतं आणि हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी कमरेची पिशवी सावरत उतरते. उतरल्या उतरल्या नियंत्रकाला विचारते, पोरीचा पेपर सुटला का? खाली येण्याची वेळ आणि शेरा: पेपर सोपा गेला. मुलीनं वाचलं आणि ती दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

त्यानंतर काका प्रत्येक प्रतीत शेवट हातानं लिहायला लागले. महिनाभर माझा तिकडं जायचा धीर झाला नाही. मग एका बाजाराच्या दिवशी अपराधी चेहऱ्यानं सोनपेठला गेले. कांदा-लसणाच्या आणि दाव्या-कासऱ्यांच्या मधे पोतं अंथरून काका बसले होते. समोर पुस्तकं, हातात पेन. प्रत मागणाऱ्याला एकच प्रश्न, "कोन यायचं राहिलंय?" अवकाशाशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशी माणसं समोर उकिडवी बसून उत्तर देत होती. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना काका लिहिलेलं वाचून दाखवत. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मालक, माजा बैल गेलाय. बैल उतरंल का गाडीतून?"

"उतरंल. मागल्या दारानं," काका म्हणाले आणि लिहायला लागले.

एक टकला माणूस खिदळत म्हणाला, "आमचे केस यायचे राहिलेत, ते आना की." काकांनी पेन खाली ठेवला. "थट्टा न्हाई. खरं मानूस सांगा." तो माणूस हसता हसता थांबला. इकडं-तिकडं बघितलं, खाली वाकला आणि काकांच्या कानात एक नाव सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही.

दुपारी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. काकूंनी दार उघडलं, हसून आत घेतलं, आणि मी कोण हे ठाऊक असूनही पानाचा विषय काढला नाही. जेवण झाल्यावर दारं-खिडक्या लावून घेतल्या. कूलरची घरघर, ओल्या वाळ्याचा वास, आणि त्या अंधारात टीव्हीवर एक परदेशी सिनेमा. काकांनी आवाज पार बंद केला. "आवाज त्यांचा नको. सोंगं त्यांची, बोलनं आपलं." पांढऱ्या पोशाखातली एक बाई यानात एकटीच तरंगत होती. काका तिच्या वतीनं बोलायला लागले, "बाई म्हनतीय, आता मी कुनीकडं जाऊ?"

"तिला म्हनावं आगोदर जेव," काकू निवडायला घेतलेल्या तुरीवरून नजर न काढता म्हणाल्या. "कवाची उपाशी हिंडायलीय."

"बाई म्हनतीय, भूक न्हाई."

"भूक न्हाई कशी? येकटीला जेवान जात नसंल तिला."

असं ते दोघं किती तरी वेळ त्या मुक्या बाईशी बोलत होते. शेवट आधीच बघून ठेवला असल्यामुळं ती घरी पोचणार हे दोघांनाही माहीत होतं. मीही भिंतीला टेकले. यान, तूर, कूलर, सगळं एकमेकांत मिसळायला लागलं आणि मला वाटलं, या घरातून माणसाला कुठंही जाता येईल. काकांचं बोलणं हळूहळू अडखळलं आणि ताठ मानेनं ते झोपी गेले.

तेव्हा काकूंनी हलक्या आवाजात सांगितलं. "ह्यायचा धाकटा भाऊ हुता. माझा दीर. कामाला जातो म्हनून निघाला. ह्यायची डूटी फाट्यावर. ह्यायनीच त्याला जालन्याच्या गाडीत बसवलं, खिडकीची जागा बगून. सतरा नंबर. आंगात आमच्या लग्नातला पिवळा सदरा हुता. ह्यायनी सोता गाडी सोडली, सोता रजिस्टरात लिवलं. सांजच्याला गाडी आली परत. तो काई पुन्ना आला न्हाई. चिठ्ठी न्हाई, निरोप न्हाई. लय हुडकला." त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे गाड्या लिवीत बसले. येनाऱ्या परत्येक गाडीची सतरा नंबरची शीट बगायचे. मंग कंडक्टरला सही द्यायचे."

मी जे कापलं होतं ते काय होतं, हे मला त्या अंधाऱ्या खोलीत कळलं. चाळीस वर्षं एक माणूस गाडीची वाट बघत उभा होता. ती त्यानं कशीबशी, एक खोटं बोलून, परत आणली. आणि मी त्याला पुन्हा रस्त्याकडं बघत उभं केलं, कारण ते मला छान दिसत होतं. मला स्वतःची शिसारी आली.

काका जागे झाले. "कोनतं साल हाय?"

मी साल सांगितलं नाही. म्हणाले, "काका, ते पान मी मुद्दाम कापलं. बसवता आलं असतं."

"ठावं हाय मला," ते म्हणाले.

"कसं?"

"ताई, लगनसराईत आमी येका गाडीत शंभर मानसं बसवलेली हायेत. येक पान बसत न्हाई व्हय?"

"मग बोलला कामून नाहीत?"

"बोलून गाडी येती का?" त्यांनी डोळे चोळले. "आन येक झालं बगा. माझी येकच गाडी यायची हुती. आता पाचशे यायलाल्यात." मग त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणारी माझी प्रत मागून घेतली, मागचं कव्हर उघडलं आणि तोच प्रश्न विचारला.

मी विचार केला. आई-वडील घरी होते, भावंडं ठिकठिकाणी सुखात होती. "माझं कुणी राहिलं नाही, काका."

"मंग कोरं ऱ्हाऊ द्या," पुस्तक परत देत ते म्हणाले. "कवातरी लागंल."

त्यानंतर दोन वर्षं ते येत राहिले, दोन पुस्तकं आणखी झाली. मी अक्षर बारीक करून सगळी पानं बसवली, एकदा तर प्रेसवाल्याशी भांडले. मग एका दुपारी सोनपेठच्या त्या घरात ते ताठ मानेनं झोपले आणि कोणतं साल आहे ते विचारायला उठले नाहीत.

महिन्याभरानं काकू परभणीला आल्या. काकांच्याच खुर्चीत बसल्या. हातात 'फाटा ते फाटा'ची प्रत होती. मागचं कव्हर उघडून माझ्यापुढं धरलं. कोरं.

"समद्या दुनियेच्या बुकात लिवलं. घरच्याच बुकात न्हाई," त्या म्हणाल्या. "म्या इचारलं, तर म्हनले, मला पुन्ना न्हाई जमत. पर ताई, ते पान तुमी टाइप केलं हुतं. तुमीच येकट्या हाव वाचलेल्या. सांगा मला, गाडी आली हुती का?"

मी ते वाचलं नव्हतं. गाडी आली, दार उघडलं, सतरा नंबरवरून कुणी उठलं, याच्यापलीकडं मला एक ओळही ठाऊक नव्हती. काकूंच्या डोळ्यांना डोळा देऊन मी खोटं बोलले. एकच.

"सगळं आठवतंय मला," मी म्हणाले. मग मी सांगत गेले. लांबून धुरळा दिसतो. नियंत्रक हातातलं रजिस्टर घट्ट धरतो. गाडी फाट्यावर येऊन थांबते, इंजिन बंद होतं. एकेक माणूस उतरतं, ज्या वयाचं गेलं त्याच वयाचं, हातात तीच भाकरीची फडकी. सगळ्यांत शेवटी सतरा नंबरवरचा पोरगा उतरतो. अंगात पिवळा सदरा.

काकूंनी चटकन माझ्याकडं बघितलं. सदऱ्याचं त्यांनीच मला सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं असणार. पण पदर तोंडाशी धरून एवढंच म्हणाल्या, "आन उतरल्यावर काय म्हनला?"

"म्हणाला, दादा, लय येळ झाला का?"

खुर्चीच्या हातावरून हात फिरवत काकू हळूच म्हणाल्या, "न्हाई रं बाबा. गाडीच उशिरा आली."

तेच मी त्यांच्या प्रतीत लिहिलं. त्या शेजारी उभ्या राहून पेनाकडं बघत होत्या, आणि लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू दिलं नाही त्यांनी.

त्या गेल्यावर मी माझी प्रत कपाटातून काढली. मागचं कव्हर अजून कोरंच होतं. पट्टी घेऊन मी रकाने आखले. मधल्या रकान्यात लिहिलं, गाडी फाट्यावर थांबते आणि वायरची पिशवी घेतलेला एक म्हातारा उतरतो. उतरता उतरता विचारतो, ताई, कोनतं साल हाय? येण्याची वेळ मी लिहिली नाही. शेऱ्याचा रकानाही आखून तसाच सोडला. शेरा लिहायचं काम नियंत्रकाचं, आणि तो अजून गाडीत आहे.